उपकर आटला तेव्हा : जीएसटी भरपाईचा पेच, २०१९ ते २०२२

४ मे २०२० रोजी महाराष्ट्राच्या वित्त विभागाने एक शासन निर्णय काढला. मंजूर विकास निधीपैकी फक्त ३३ टक्केच खर्च करायचा, नवी कामे हाती घ्यायची नाहीत आणि आरोग्यासारखे विभाग सोडले तर नोकरभरती बंद, असा त्याचा आशय होता. अर्थसंकल्प मांडून दोन महिनेही झाले नव्हते. त्याआधी मार्चचा पगार दोन टप्प्यांत देण्याचे ठरले होते : अ आणि ब वर्गाला आधी निम्मा, क वर्गाला पाऊण, ड वर्गाला पूर्ण.

टाळेबंदीत हे होणारच, असे तेव्हा सगळ्यांनी धरून चालले. पण राज्याच्या तिजोरीतल्या खड्ड्याचा एक भाग टाळेबंदीपलीकडचा होता. केंद्राकडून कायद्याने यायची जीएसटी भरपाईची रक्कम येत नव्हती आणि ती कोणी, कुठून द्यायची यावर देशात एकमत नव्हते. ही नोंद त्या रकमेच्या प्रवासाची आहे. सगळी प्रक्रिया सार्वजनिक असली तरी व्यक्तींची नावे इथे घेतलेली नाहीत, फक्त पदे दिली आहेत. त्या खुर्च्यांवर दुसरी माणसे असती तरी पेच बहुतेक हाच पडला असता, असे मला वाटते.

पार्श्वभूमी

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर (जीएसटी) लागू झाला. त्यासाठी २०१६ मध्ये १०१वी घटनादुरुस्ती झाली होती. राज्यांनी व्हॅट, प्रवेश कर, ऐषाराम कर, करमणूक कराचा मोठा भाग असे स्वतःचे कर सोडून दिले. पेट्रोल-डिझेल, मद्य, मुद्रांक शुल्क आणि वाहन कर असे मोजकेच मोठे कर हातात राहिले. केंद्रानेही उत्पादन शुल्काचा बराचसा भाग आणि सेवा कर सोडला. पण तुलना इथेच थांबते. केंद्राकडे प्राप्तिकर, कंपनी कर आणि सीमाशुल्क शिल्लक होते. राज्याने मात्र आपल्या सर्वांत मोठ्या कराचा दर ठरवण्याचा हक्क केंद्र आणि राज्यांच्या मंत्र्यांच्या जीएसटी परिषदेच्या टेबलावर ठेवला होता.

महाराष्ट्राची चिंता आणखी वेगळी होती. जीएसटी हा उपभोगाच्या ठिकाणी लागणारा कर आहे. चाकणला बनलेली गाडी पाटण्यात विकली गेली तर राज्याच्या वाट्याचा कर बिहारला मिळतो. कारखाने असलेल्या महाराष्ट्र, तामिळनाडू, गुजरात या राज्यांना म्हणूनच तोट्याची भीती होती. एक जुनी जखमही होती. २००७ आणि २००८ मध्ये केंद्रीय विक्रीकराचा, म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यातल्या विक्रीवरच्या कराचा, दर ४ वरून ३ आणि मग २ टक्क्यांवर आला, तेव्हाही भरपाईचे आश्वासन मिळाले होते. ती भरपाई किती आणि कधीपर्यंत, यावर पुढे बरीच वर्षे वाद चालला. त्यामुळे या वेळी राज्ये अडून बसली : शब्द नको, कायदा द्या.

कायदा मिळाला. २०१७ च्या भरपाई कायद्यानुसार २०१५-१६ चे उत्पन्न पाया धरायचे, दरवर्षी त्यावर १४ टक्के वाढ गृहीत धरायची, प्रत्यक्ष उत्पन्न त्याहून कमी पडले तर फरक पाच वर्षे दर दोन महिन्यांनी राज्याला द्यायचा. १४ टक्के चक्रवाढीने म्हणजे काय, हे एकदा आकड्यात पाहावे. २०१५-१६ मध्ये १०० रुपये असतील तर २०१७-१८ मध्ये १३० रुपयांची हमी, २०१९-२० मध्ये १६९ ची, २०२०-२१ मध्ये जवळपास १९३ ची. देशाचे उत्पादन या वेगाने वाढले नाही तरी हमी मात्र याच वेगाने वाढणार होती.

हे पैसे यायचे होते भरपाई उपकरातून. मोटारी, तंबाखू, पानमसाला, शीतपेये यांच्यावर जीएसटीशिवाय वेगळा उपकर बसला, कोळशावर टनामागे ४०० रुपये. उपकर वेगळ्या निधीत जमा व्हायचा आणि त्या निधीतून भरपाई जायची. निधी अपुरा पडला तर काय? २०१६-१७ मधल्या परिषदेच्या बैठकांत हा प्रश्न निघाला होता. गरज पडल्यास बाजारातून कर्ज काढून ते नंतरच्या वर्षांतल्या उपकरातून फेडता येईल, असे तत्कालीन अध्यक्षांनी, म्हणजे केंद्रीय अर्थमंत्र्यांनी सांगितल्याची नोंद इतिवृत्तात आहे. कायद्यात मात्र एवढेच आले की उपकराबरोबर परिषद शिफारस करील ‘त्या इतर रकमा’ निधीत जमा होतील. कर्ज कोणी काढायचे, हे तिथे कुठेही लिहिले गेले नाही. पुढचा सगळा वाद याच न लिहिलेल्या ओळीवर झाला.

महाराष्ट्राने स्वतः खालच्या पातळीवर असाच शब्द दिला होता, हेही सांगायला हवे. मुंबईची जकात आणि इतर शहरांचा उरलासुरला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, तेव्हा महापालिकांना भरपाई देण्याचा स्वतंत्र कायदा राज्याने २०१७ मध्येच केला. त्यात वाढ ८ टक्के धरली आणि पैसे दरमहा द्यायचे ठरले. म्हणजे दिल्लीहून हप्ता चुकला तरी मुंबई, पुणे, नागपूरच्या महापालिकांचा हप्ता राज्याला चुकवता येणार नव्हता.

समस्या

पहिली दोन वर्षे निधीत वाटपापेक्षा जास्त उपकर जमला. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी नंतर दाखवून दिले की २०१७-१८ आणि २०१८-१९ मधले ४७,२७२ कोटी रुपये भरपाई निधीत वर्गच झाले नव्हते, ते केंद्राच्या एकत्रित निधीत, म्हणजे मुख्य तिजोरीत राहिले होते. हा हिशेब जुळवण्यातला कालावधीचा फरक होता आणि सगळी रक्कम पुढे राज्यांना मिळाली, असे केंद्राचे उत्तर होते. ते मान्य केले तरी राज्यांच्या मनात शंका बसली, आणि ती अगदी चुकीच्या वेळी बसली.

ऑगस्ट २०१९ नंतर हप्ते लांबू लागले. वाहन विक्री मंदावली होती, उपकर वाढत नव्हता, हमी मात्र १४ टक्क्यांनी पुढे सरकत होती. काही राज्यांच्या अर्थमंत्र्यांनी एकत्र येऊन केंद्रीय अर्थमंत्र्यांची भेट घेतली. १६ डिसेंबर २०१९ रोजी ३५,२९८ कोटी रुपये सुटले. २०१९-२० या पूर्ण वर्षासाठी राज्यांना १,६५,३०२ कोटी द्यावे लागले, तर उपकर जमला होता ९५,४४४ कोटी. महामारीचा हिशेबाशी संबंध येण्याआधीच गाडा घसरला होता. ‘कोरोनामुळे भरपाई अडली’ हे वाक्य म्हणून मला अपुरे वाटते.

मग टाळेबंदी आली. एप्रिल २०१९ मध्ये देशभरातून १,१३,८६५ कोटी रुपये जीएसटी आला होता. एप्रिल २०२० मध्ये ३२,२९४ कोटी. त्याच महिन्यांत रुग्णालये, अन्नधान्य, मजुरांच्या छावण्या आणि पोलीस बंदोबस्त यांचा खर्च राज्यांवर होता. आरोग्य आणि पोलीस हे राज्यसूचीतले विषय आहेत.

राज्याने मग कर्ज काढून वेळ निभावून न्यावी, असे वाटेल. इथे संविधानाचा अनुच्छेद २९३ आडवा येतो. केंद्राचे कर्ज शिल्लक असलेल्या राज्याला केंद्राच्या संमतीशिवाय नवे कर्ज काढता येत नाही, आणि बहुतेक सगळ्या राज्यांवर केंद्राचे काही ना काही कर्ज असतेच. मे २०२० मध्ये केंद्राने कर्जमर्यादा सकल राज्य उत्पादनाच्या ३ टक्क्यांवरून ५ टक्के केली. त्यातला अर्धा टक्का बिनशर्त होता. बाकीचा ‘एक देश एक रेशनकार्ड’, उद्योगसुलभता, वीज वितरण आणि नागरी संस्थांचे उत्पन्न या सुधारणांशी बांधलेला. म्हणजे भरपाई देणारा, कर्जाला परवानगी देणारा आणि परवानगीला अटी घालणारा पक्ष एकच होता. राज्याच्या अर्थ सचिवाला त्या उन्हाळ्यात कसे हिशेब मांडावे लागले असतील याचा अंदाज यावरून येईल.

पहिला निर्णयबिंदू : वाट पाहणे

मार्च २०२० च्या बैठकीनंतर केंद्राने महान्यायवादींचे, म्हणजे आपल्या सर्वोच्च विधी अधिकाऱ्यांचे मत मागवले. त्यांच्या मताचा गाभा असा होता की राज्यांना पूर्ण भरपाई मिळायला हवी, पण ती केंद्राच्या एकत्रित निधीतून देण्याचे बंधन नाही. तूट कशी भरायची ते परिषदेने ठरवावे.

१२ जूनच्या बैठकीत विषय पुन्हा निघाला आणि जुलैमध्ये फक्त भरपाईसाठी खास बैठक घेऊ असे ठरले. ती प्रत्यक्षात झाली २७ ऑगस्टला.

या अडीच महिन्यांकडे फारसे कोणी पाहत नाही, मला मात्र तेच सर्वांत महागाचे वाटतात. जूनमध्ये सगळ्यांना दोन गोष्टी माहीत होत्या : उपकर पुरणार नाही आणि कर्जाशिवाय मार्ग नाही. प्रश्न उरला होता तो कोणाच्या नावावर, एवढाच. परिषदेने तेव्हाच अधिकाऱ्यांची एक छोटी समिती नेमून तीन आराखडे तयार करून घेतले असते, तर ऑगस्टमध्ये मंत्र्यांसमोर भाषणांऐवजी आकडे आले असते.

समोर आलेले पर्याय

२७ ऑगस्टला केंद्रीय अर्थमंत्र्यांनी महामारीला ‘देवाची करणी’ म्हटले आणि दोन पर्याय ठेवले. हिशेब असा होता : वर्षाची भरपाई सुमारे ३ लाख कोटी, उपकर सुमारे ६५ हजार कोटी, तूट २.३५ लाख कोटी. यातले ९७ हजार कोटी जीएसटीच्या अंमलबजावणीमुळे, बाकीचे महामारीमुळे.

पहिला पर्याय : राज्यांनी रिझर्व्ह बँकेमार्फत खास व्यवस्थेतून ९७ हजार कोटी उचलायचे. मुद्दल आणि व्याज दोन्ही पुढच्या उपकरातून. शिवाय कर्जमर्यादेतला शेवटचा अर्धा टक्का सुधारणांच्या अटीशिवाय. दुसरा पर्याय : पूर्ण २.३५ लाख कोटी राज्यांनी बाजारातून उचलायचे. मुद्दल उपकरातून, व्याज मात्र राज्यांनी सोसायचे.

तुटीची ही फोड वादाचे मूळ ठरली. घटनादुरुस्तीत ‘अंमलबजावणीमुळे होणारी महसुली हानी’ असे शब्द आहेत, केंद्राने बोट ठेवले ते त्यावर. राज्यांनी भरपाई कायद्याकडे बोट दाखवले : तिथे हमीचे उत्पन्न वजा प्रत्यक्ष उत्पन्न एवढेच सूत्र आहे, तोटा कशामुळे झाला हे विचारायची सोयच नाही. मजकूर वाचला तर राज्यांची बाजू मला जास्त भक्कम वाटते. पण केंद्राची अडचणही खोटी नव्हती. त्याचा स्वतःचा महसूल कोसळला होता, आणि सरकारी रोख्यांचा व्याजदर वाढला तर राज्यांचे, उद्योगांचे, सगळ्यांचेच कर्ज महागते.

अनेक राज्यांनी तिसरा मार्ग मांडला : कर्ज केंद्राने काढावे. महाराष्ट्राचाही सूर हाच होता. केंद्राला कर्ज स्वस्त मिळते. अठ्ठावीस राज्ये एकाच वेळी रोखे घेऊन बाजारात उतरली तर आपसांतच स्पर्धा होऊन दर चढतील. शिवाय फेड शेवटी उपकरातूनच व्हायची असेल, तर कर्जदार सर्वांत कमी व्याजाचा असावा हे साधे व्यवहारज्ञान आहे.

चौथा मार्ग मतदानाचा होता. परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक-तृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोन-तृतीयांश आणि निर्णयाला तीन-चतुर्थांश बहुमत लागते. म्हणजे केंद्राशिवाय सगळी ३१ सदस्य राज्ये व केंद्रशासित प्रदेश एकत्र आले तरी ६७ टक्क्यांवर अडकतात, आणि केंद्राला किमान २० जणांची साथ लागते. पाचवा मार्ग न्यायालयाचा. अनुच्छेद २७९अ मध्ये परिषदेने वाद सोडवण्याची यंत्रणा उभारावी असे लिहिले आहे. ती उभारलेलीच नव्हती, त्यामुळे असमाधानी राज्यापुढे थेट सर्वोच्च न्यायालय एवढाच दरवाजा होता. केरळने तसा इशाराही दिला.

दुसरा निर्णयबिंदू : एकत्र की एकेकटे

५ ऑक्टोबरच्या बैठकीत एक गोष्ट एकमताने झाली : उपकर जून २०२२ नंतरही चालू ठेवायचा. त्याच रात्री जमा असलेले २० हजार कोटी राज्यांना गेले. महामारी नसती तर महसूल किती वाढला असता, हा अंदाज १० वरून ७ टक्क्यांवर आणून पहिल्या पर्यायाची रक्कमही १.१० लाख कोटी झाली. कर्ज कोणाचे, यावर मात्र ५ तारखेला आणि पुन्हा १२ तारखेलाही तोडगा निघाला नाही.

केंद्राने भूमिका घेतली की उपकर वाढवणे परिषदेच्या कक्षेत येते, कर्ज काढणे हा ज्या त्या सरकारचा अनुच्छेद २९२ आणि २९३ खालचा विषय आहे. त्यामुळे मतदान नाही; प्रत्येक राज्याने आपला पर्याय कळवावा. इथे सामूहिक प्रश्नाची एकेकट्या पत्रांत वाटणी झाली. एकत्र बसल्यावर राज्याला वजन असते. पत्राच्या दुसऱ्या टोकाला मात्र ते एकटे असते, पगाराची तारीख जवळ आलेली असते आणि पहिला पर्याय घेतला की जास्तीच्या कर्जाची परवानगी लगेच मिळणार असते. १३ ऑक्टोबरला केंद्राने पहिला पर्याय निवडणाऱ्या २० राज्यांना ६८,८२५ कोटींच्या जादा कर्जाला मुभा दिली. त्या यादीत महाराष्ट्र होता आणि त्याच्या वाट्याला सर्वांत मोठी रक्कम आली, १५,३९४ कोटी.

महाराष्ट्राने चूक केली का? राज्यात तेव्हा केंद्राच्या विरोधी पक्षांचे सरकार होते आणि केरळ, पंजाब, पश्चिम बंगालसारखी राज्ये अजून अडून बसली होती. तत्त्वासाठी थांबायला हवे होते, असे म्हणणारे आजही भेटतात. मला ते पटत नाही. महाराष्ट्रात रुग्णसंख्या सप्टेंबरपर्यंत चढत गेली होती, विकास निधी एक-तृतीयांशावर आलेला होता, महापालिकांचे मासिक हप्ते दारात होते. मूळ मागणी कायम ठेवून हातात येणारी रक्कम घेणे हा हार मानण्याचा प्रकार नव्हता. आक्षेप घ्यायचाच तर वेगळ्या गोष्टीवर घ्यावा : ही निवड राज्याने जनतेपुढे नीट मांडली नाही. व्याज कोण देणार, फेड कधीपर्यंत, उरलेल्या रकमेचे काय, हे सांगणारी दोन पानांची टिपणीही विधिमंडळात आणि वर्तमानपत्रांत मोलाची ठरली असती.

तोडगा

१५ ऑक्टोबरला केंद्राने बाजू बदलली. १.१० लाख कोटी रुपये केंद्रच उचलेल आणि त्याच दराने, त्याच मुदतीने राज्यांना पुढे देईल. कागदोपत्री ही रक्कम राज्यांच्या भांडवली जमेत दिसणार होती, त्यामुळे केंद्राच्या राजकोषीय तुटीत भर पडणार नव्हती. प्रत्यक्ष कर्जदार मात्र केंद्रच. २३ ऑक्टोबरला पहिला ६ हजार कोटींचा हप्ता ५.१९ टक्के दराने १६ राज्यांना गेला, त्यात महाराष्ट्रही होता. उरलेली राज्ये नोव्हेंबर आणि डिसेंबरात एकेक करून आली, सर्वांत शेवटी झारखंड. मार्च २०२१ पर्यंत साप्ताहिक हप्त्यांनी पूर्ण रक्कम पोचली आणि सरासरी व्याज ४.८५ टक्के पडले.

राज्ये ऑगस्टमध्ये जे मागत होती, जवळपास तेच ऑक्टोबरमध्ये झाले. तुटीचा आकडा केंद्राच्या खात्यात न दिसता स्वस्त कर्ज राज्यांना मिळावे, यासाठी फक्त हिशेबाची योग्य मांडणी लागत होती. ती अधिकाऱ्यांनी शोधली. ती जूनमध्ये शोधण्यात कोणताच घटनात्मक अडथळा नव्हता.

परिणाम

पुढच्या वर्षी वाद जवळजवळ झाला नाही. २८ मे २०२१ च्या बैठकीनंतर त्याच पद्धतीने १.५९ लाख कोटी उचलले गेले आणि ऑक्टोबरअखेर राज्यांना पोचलेही. ३१ मे २०२२ रोजी केंद्राने तोपर्यंतची थकबाकी म्हणून ८६,९१२ कोटी एकदम दिले. त्यातले सुमारे २५ हजार कोटीच निधीत होते, बाकीचे केंद्राने स्वतःच्या खिशातून आगाऊ घातले. महाराष्ट्राला १४,१४५ कोटी मिळाले. दोन वर्षांपूर्वी ‘बंधन नाही’ म्हटले गेले होते, तेच पाऊल केंद्राने आपण होऊन उचलले, याची नोंद राज्यांनी मोकळ्या मनाने घ्यायला हवी.

३० जून २०२२ ला हमीची पाच वर्षे संपली. उपकर मात्र दोन वर्षांत काढलेल्या २.६९ लाख कोटींच्या फेडीसाठी मार्च २०२६ पर्यंत वाढवला गेला. म्हणजे २०२० चा खड्डा २०२३ मध्ये मोटार घेणाऱ्याने भरला, आणि कोळशावरच्या ४०० रुपयांतून वीजबिल भरणाऱ्या प्रत्येकाने.

याच सुमारास, १९ मे २०२२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने मोहित मिनरल्स प्रकरणात सांगितले की परिषदेच्या शिफारशी संसदेवर आणि विधिमंडळांवर बंधनकारक नाहीत. त्यांचे वजन मन वळवण्याइतके आहे. अनुच्छेद २४६अ ने दोघांनाही जीएसटीवर एकाच वेळी कायदा करण्याचा अधिकार दिला आहे. भरपाईचा वाद या खटल्यात नव्हता. तरी परिषदेत आकड्यांच्या बळापेक्षा बोलणी महत्त्वाची, हे त्यातून अधोरेखित झाले.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत आधी, २०१७ च्या कायद्यात एक कलम हवे होते : निधी अपुरा पडल्यास केंद्र कर्ज उचलेल आणि उपकराची मुदत त्याच प्रमाणात वाढेल. इतिवृत्तातली चर्चा कायद्याच्या मजकुरात उतरली नाही, आणि संकटाच्या दिवशी इतिवृत्त कोणालाच बांधत नाही. तेव्हा सगळे घाईत होते, १ जुलैची तारीख गाठायची होती. पण राज्यांच्या विधी विभागांनी ही एक ओळ सोडायला नको होती. सूत्र तपासण्यात त्यांचा वेळ गेला, पैशाचा उगम तपासायचा राहिला.

१४ टक्क्यांचा दर राज्यांना सामील करून घेण्यासाठी दिलेला होता, हे मान्य. तरी त्याला देशाच्या प्रत्यक्ष वाढीशी जोडणारी एखादी तळरेषा आणि कमाल मर्यादा असती, तर राज्यांना हमी मिळाली असती आणि केंद्राला हात वर करण्याचे कारण उरले नसते. महाराष्ट्राने महापालिकांना ८ टक्के कबूल केले. ते दरमहा देणे जमू शकले त्यात या संयमाचा वाटा आहे.

वाद सोडवणारी यंत्रणा हा तिसरा मुद्दा. २०२० मध्ये असे पीठ असते तर ‘अंमलबजावणीमुळे’ या एका शब्दाचा अर्थ आठ आठवड्यांत लागला असता आणि तोवर अंतरिम हप्ते चालू ठेवण्याचा आदेशही देता आला असता. परिषदेला हा अधिकार पहिल्या दिवसापासून आहे.

चौथी गोष्ट राज्यांची स्वतःची. जून २०२२ ची तारीख पाच वर्षे आधी ठाऊक होती. तरी बहुतेक राज्यांनी भरपाईला नेहमीचे उत्पन्न मानून खर्च उभे केले. दरवर्षीच्या अर्थसंकल्पात भरपाईसह आणि भरपाईविना असे दोन आकडे शेजारी छापले असते, तर आमदारांनाही तारीख दिसत राहिली असती.

३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत परिषदेने दर कमी करून ५ आणि १८ टक्के हे मुख्य टप्पे ठेवले, काही वस्तूंना ४० टक्के. विरोधी पक्षांची सरकारे असलेल्या राज्यांनी महसूल घटेल म्हणून पुन्हा भरपाई मागितली. बहुतेक नवे दर २२ सप्टेंबरपासून लागू झाले. भरपाईची व्यवस्था त्या निर्णयात नव्हती.